डाळज तुझं गाव नव्हतं

सुमन, तुझं नाव सुमन नव्हतं.

हे एक वाक्य लिहायला मला चाळीस वर्षं लागली. आता लिहिलंय, तर वाचायला तू नाहीस. बालगृहातल्या जुन्या पोरांचा मागच्या आठवड्यात फोन आला होता. "सुरेश, बहिणीवर चार ओळी दे, स्मरणिकेत छापू." बसलो लिहायला. कष्टाळू, मनमिळाऊ, हसतमुख. तिसऱ्या शब्दाला पेन थांबलं. तू कुठली हसतमुख? तू चिडकी होतीस. चहा गार झाला तरी चिडायचीस, एसटी वेळेवर आली तरी "आज कशी आली वेळेवर" म्हणून चिडायचीस. चार ओळी त्यांना काहीतरी देईन. हे तुला.

तुझं नाव पुनवी. पुनवेला झालीस म्हणून. माझं डोंगऱ्या. आईचं लाडी, बापाचं रामा. आपण पारधी. आणि त्या सालात आपली पालं होती ती इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या पुढं, कॅनॉलच्या कडेच्या पडीक रानात. डाळजशी आपला काडीचा संबंध नाही. तेरा वर्षं तू जिथं माहेर म्हणून जात राहिलीस त्या गावाचं नाव मी नऊ वर्षांचा असताना एका बाईला थाप म्हणून सांगितलं होतं.

आपल्यात पोराला एक गोष्ट फार लवकर शिकवतात. खाकी कपड्यातला माणूस, हातात कागद असलेला माणूस, यांना खरं नाव सांगायचं नाही, खरं गाव सांगायचं नाही. सांगितलं की ते नाव पुढच्या चोरीला लागतं. आजूबाजूच्या कुठल्याही गावात काही गेलं की गाडी आधी पालावर यायची. त्या सकाळी आली तेव्हा बाप उसात शिरला. आईला आणि चुलत्याला गाडीत घातलं. आई ओरडली नाही. गाडीच्या मागच्या जाळीतून माझ्याकडं बघितलं आणि ओठावर बोट ठेवलं. तू माझ्या कडेवर होतीस. चार वर्षांची होतीस, पण जड होतीस.

दोन दिवस वाट बघितली. मग मी तुला घेऊन निघालो, आईला इंदापूरला नेलंय एवढं कुणीतरी म्हणालं होतं म्हणून. वाटेत एका ट्रॅक्टरवाल्यानं आपल्याला ट्रॉलीत घेतलं. बोलका माणूस होता. ट्रॉलीच्या फळीवर रंगवलेली नावं त्यानं बोटानं दाखवून वाचली. मला कुठं वाचता येत होतं तेव्हा? "ही माझी सुमन, ह्यो माझा सुरेश. आन् मी बबन, डाळजचा. तुमी कुणाची रं?" मी बोललो नाही. त्यानं तुला गुळाचा खडा दिला.

इंदापूरच्या स्टँडवर आपल्याला एका बाईंनी धरलं. बालगृहाच्या होत्या. सोबत हवालदार. बाईंच्या हातात कागद.

"नाव काय रे बाळ?"

"सुरेश."

"आणि हिचं?"

"सुमन."

"वडलांचं?"

"बबन."

"गाव?"

"डाळज."

आईनं सांगितलं होतं तसंच केलं. शाबासकी मिळेल असं वाटत होतं मला. आडनाव विचारलं तेव्हा एकही सुचेना, मग बालगृहाच्या अधीक्षकांनी त्यांच्या मनानं एक घातलं. डाळजला कुणी माणूस पाठवला असता तर अर्ध्या दिवसात माझी थाप उघडी पडली असती. कुणी पाठवला नाही. 'आई-वडील बेपत्ता' एवढं लिहिलं आणि रजिस्टर मिटलं.

बारामतीच्या त्या बालगृहाबद्दल तू नेहमी चांगलंच बोलायचीस. मारत होते, पण जेवायला दोन वेळा होतं, शाळा होती. तुला तिथला पहिला दिवस आठवत नव्हता, म्हणून तुला चांगलं बोलता आलं. तुझे केस देवीचे होते. नवस फिटेपर्यंत कातर लावायची नाही, म्हणून आई रोज तेल लावून बांधायची. न्हाव्यानं उवा म्हणून सगळे काढले. तू लाथा झाडत होतीस. तुझे पाय मी धरले होते.

आणि तुझी बोली. तू आपल्या बोलीत आईला हाका मारायचीस. पोरं हसायची, "हे काय गुजराती बोलतीय का काय?" पारधी आहोत हे कळलं तर सगळं संपलं असं मला वाटायचं. तू आपल्या बोलीतला शब्द काढला की मी तुझ्या दंडाला चिमटा काढायचो. भाकरी मागितलीस तरी चिमटा. दिवाळीपर्यंत तू मराठीत रडायला लागलीस. लोक म्हणतात लहान पोरं विसरतात. तू विसरली नाहीस, सुमन. मी विसरायला लावलं.

तरी त्याच पोरीनं मला टायफॉईड झाला तेव्हा अधीक्षकांच्या झाडावरची लिंबं चोरून आणली. सात वर्षांची असशील. पकडलीस, तर म्हणालीस, "दादाच्या तोंडाला चव न्हाय, मग काय करू?" त्यांनी तुला मारलं का हसले, आता आठवत नाही. लिंबाची चव आठवते.

आता गेटाची गोष्ट. ही सांगायची म्हणून तर एवढं लिहिलं.

आपल्याला तिथं जाऊन वर्ष होत आलं होतं. आपण दोघं हापशावर जेवणाची ताटं धूत होतो. गेटाशी एक बाई उभी राहिली. पदर डोक्यावर, हनुवटीवर गोंदण, पाय धुळीनं पांढरे. शिपायाला सांगत होती, "माझी पोरं हायत हितं. डोंगऱ्या आन् पुनवी." शिपायानं अधीक्षकांना बोलावलं. त्यांनी रजिस्टर आणलं, बोट फिरवत बघितलं. खोटं नाही बोलले ते. "बाई, या नावाची पोरं इथं नाहीत." तिनं परत नावं घेतली. त्यांनी परत बोट फिरवलं. ती जाईना, तशी पोरं जमली. कुणीतरी म्हणालं, "पारधीण हाय रं, ताटं मोजून ठेवा." सगळे हसले.

तू मला विचारलंस, "दादा, ती बाई का रडतीया?"

"येडी हाय," मी म्हणालो, आणि तुला पाठीमागं घेतलं.

मी खूप वर्षं स्वतःला सांगत आलो की बापाला पोलीस पकडतील म्हणून मी गप्प बसलो. तसं नव्हतं. मला तिची लाज वाटली. पोरं हसत होती, मी दुसरीत पहिला आलो होतो, माझ्या अंगावर इस्त्रीची चड्डी होती. तिनं एकदा हापशाकडं बघितलं. तिनं ओळखलं नाही, आपले केस बारीक कापलेले, कपडे वेगळे, असं मी मानलं. तेवढ्या एका आधारावर मी इतकी वर्षं झोपत आलो.

पुढचं तुला माहीत आहे. मला भवानीनगरकडच्या एका शाळेत लिपिकाची नोकरी लागली, तुला बारामतीत दवाखान्यात आयाची. अनाथ म्हणून लताच्या घरच्यांनी मला जावई करून पदरात घेतलं. चांगली माणसं, उसाची शेती. एकदा सासरे जेवताना म्हणाले, "औंदा पारध्यांनी बांधाला पालं टाकल्यात. हुसकावून लावाय पायजे. त्या जातीचा भरवसा न्हाय." मी म्हणालो, "व्हय की, मामा." आणि भाकरी मोडली. तू शेजारी बसली होतीस. तूपण मान डोलावलीस.

त्या दिवशी सांगायला हवं होतं. निदान तू परत जाताना, स्टँडवर.

तुझा नवरा सोडून गेला, तुझी पोर पल्लवी शाळेत जायला लागली, तेव्हा तू गाव शोधायला निघालीस. बालगृहाच्या दाखल्यावर डाळज होतं. पहिल्या खेपेला आलीस ती हसत आलीस. "आरं दादा, तितं तीन बबन हायत. एक म्हनला माझं लगीनच झालं न्हाय, तू कुठनं आलीस? दुसऱ्याची बायको दारातनं हलंना, तिला वाटलं म्हाताऱ्यानं काय उद्योग केला." आणि तिसऱ्याच्या पोरांची नावं सुमन आणि सुरेश. तुझे डोळे असे मोठे झाले होते सांगताना. "आता ह्याला काय म्हनायचं दादा?"

मी म्हणालो, "योगायोग."

बबनतात्यांनी तुला सरळ सांगितलं होतं, "पोरी, माझी कुनी हरवली न्हाय. देवाशपथ. पन तू गावात माहेर हुडकत आलीस आन् तशीच गेलीस, आसं नगं. माझी एक सुमन नांदाय गेली, दुसरी आली म्हनायचं." तेव्हापासून तू दर दिवाळीला तिथं जायचीस. पिशवीभर वांगी, डाळिंबं घेऊन यायचीस आणि मला वाटून द्यायचीस, "तात्यांनी दिल्यात, गावाकडची हायत." एकदा मलाही नेलंस. तात्या माझ्याकडं बघत राहिले. "पाव्हणं, तुमास्नी कुठंतरी बघितलंय." मी म्हणालो, शाळेत असतो, बघितलं असेल कुठं. मला पुरणपोळी वाढली. दोन खाल्ल्या मी.

तो माणूस तोच ट्रॅक्टरवाला, हे तुला सांगितलं असतं तरी तू पुढचं ओळखलं असतंस. म्हणून तेही सांगितलं नाही. एक झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं. लताला काय सांगू, सासऱ्यांना काय, शाळेत काय. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, आई आली होती हे तुला कसं सांगू.

मागच्या दिवाळीत आपलं भांडण झालं ते अर्धंच राहिलं. तू ओवाळायचं ताट हातात धरून उभी होतीस आणि मध्येच म्हणालीस, "दादा, मी चार वर्साची हुते. तू नऊ वर्साचा. नऊ वर्साच्या पोराला आईचं नाव आठवत न्हाय?"

"आठवून काय करायचंय आता?"

"म्हंजे आठवतंय."

"सुमे, सणाच्या दिवशी कटकट नको."

"तुला आठवतंय. तुला सांगायचं न्हाय." ताट ठेवलंस आणि गेलीस. ओवाळलं नाहीस. संक्रांतीपर्यंत फोन केला नाहीस. मग फोन आला तो पोटात गाठ निघाल्याचा.

दवाखान्यात तू ते भांडण काढलं नाहीस. मी आभार मानत होतो मनात. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी पल्लवी औषधं आणायला खाली गेली होती, तेव्हा तू हळूच विचारलंस, "नाव ऱ्हाऊ दे. आई दिसायला कशी हुती, तेवढं सांग."

तेवढंच मागितलंस तू. मला सांगता आलं असतं. हनुवटीवरचं गोंदण, पुढचा अर्धा दात, उंच होती, चालायची तेव्हा आपल्याला पळायला लागायचं. तोंड उघडलं आणि भीती वाटली, की एक खरं बाहेर पडलं की मागोमाग गेटावरची बाई बाहेर पडणार. मी म्हणालो, "गोरी होती. ठेंगणी. कपाळाला मोठं कुंकू लावायची. हळू बोलायची." हे कुणाचं वर्णन आहे माहीत आहे का तुला? माझ्या सासूबाईंचं. तू त्यांना वीस वेळा भेटलीस. ओळखलं नाहीस. डोळे मिटलेस आणि म्हणालीस, "मग मी बापावर गेले आसंन."

तू आईवर गेली होतीस. उंचीसकट.

पल्लवी म्हणाली, आईचं सगळं डाळजलाच करू, तिचं गाव ते. मी हो म्हणालो. तिसऱ्या दिवशी धरणाच्या पाण्यात गुडघाभर उभं राहून मी तुझी रक्षा सोडली. शेजारी तात्या, धोतर भिजवून. एक माणूस तुला आयुष्यात एकदा ट्रॉलीत बसवतो आणि शेवटी पाण्यापर्यंत सोडायला येतो. आणि मी सख्खा भाऊ.

दहाव्याला मी मनाशी ठरवून गेलो होतो. कावळा अडणार याची मला खात्रीच होती. एवढं पोटात घेऊन गेलेल्या बाईच्या पिंडाला कावळा शिवेल कसा? तो अडला की सगळे काही ना काही कबूल करतील, पोरीचं लग्न करू, शिक्षण करू, आणि कशानंच काम झालं नाही की मी पुढं होऊन सगळ्यांसमोर खरं सांगायचं. पहिलं वाक्यसुद्धा तयार होतं. पिंड ठेवला. गुरुजी हात धुवायला वळलेपण नव्हते, कावळा उतरला, भात उचलला आणि गेला.

तात्या म्हणाले, "बघा. पोरीचं काय सुदीक मागं ऱ्हायलं नव्हतं. सुखानं गेली."

लोक चपला घालायला लागले. मी तिथंच उभा.

दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकून कळंबला गेलो. एकटा. पालं आता नाहीत, पत्र्याची सात-आठ घरं आहेत. एक म्हातारी दारात बसली होती. मी म्हणालो, "मी डोंगऱ्या. लाडीचा." ती आपल्या बोलीत भराभरा बोलायला लागली आणि मला त्यातलं काहीही कळेना. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मराठीत आली, परक्याशी बोलतात तशी. आईची धाकटी बहीण ती. आपली मावशी.

बाप आपण गेलो त्याच्या दुसऱ्या सालीच गेला. आई अकरा वर्षांपूर्वी. तू डाळजला जायला लागलीस त्याला तेरा वर्षं झाली. म्हणजे दोन वर्षं तू तिला शोधत असताना ती जिवंत होती, डाळजच्याच तालुक्यात, तासाभराच्या रस्त्यावर. ती दोन वर्षं मी रोज शाळेत जात होतो, संध्याकाळी घरी येऊन टीव्ही बघत होतो.

मी मावशीला विचारलं, आई बारामतीला आली होती एकदा, तिला पोरं दिसली नाहीत ना?

"दिसली की," मावशी म्हणाली. "हापश्यावर हुतासा. घरी येऊन सांगितलं तिनं. म्हनली, पोरानं मला बघितलं आन् तोंड फिरवलं, पोरीला पाठीमागं घेतलं. म्हंजे त्याला यायचं न्हाय. ऱ्हाऊ दे. हितं येऊन काय करत्याल, पोलिसाचा मार खात्याल. अंगावर चांगली कापडं हुती, म्हनली."

मग म्हणाली, "पोरगी कुठाय?"

मी सांगितलं. ती रडली नाही. आत जाऊन पाणी घेऊन आली, तांब्या खाली ठेवला, माझ्या हातात दिला नाही.

पल्लवीला मी परवा सांगितलं. ती वालाच्या शेंगा निवडत होती. सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाच विचारलं, "दवाखान्यात मी औषधं आणायला गेले होते तेव्हा?" मी हो म्हणालो. तिनं शेंगा बाजूला ठेवल्या. "चला, नगरपालिकेत जाऊ. निदान मृत्यूच्या दाखल्यावर तरी खरं नाव लागू दे."

खिडकीतला माणूस वाईट नव्हता. "पुरावा काय, साहेब?"

"मी सख्खा भाऊ."

त्यानं माझं आधार कार्ड मागितलं, बघितलं, परत दिलं. "तुमच्याच कागदावर वडील बबन हायत. मी कशाच्या जोरावर बदलू?"

खरं होतं त्याचं. चाळीस वर्षांचे कागद, एकावर एक, सगळे एका नऊ वर्षांच्या पोराच्या थापेवर उभे. आणि तुला पुनवी म्हणून ओळखलेली या जगात आता आम्ही दोघंच, मी आणि मावशी. तिच्याकडं एकही कागद नाही. माझ्याकडं आहेत ते सगळे खोटे.

परत येताना पल्लवी पुढं चालत होती. जिना चढून दाराचं कुलूप काढलं, आत गेली, आणि तिथूनच म्हणाली, "राहू दे, मामा. माझी आई सुमनच. ती मला माहीत आहे. ती दुसरी, पुनवी का कोण, तिला तुम्ही सांभाळा. इतकी वर्षं तुमच्याकडंच होती ना ती."

मी काहीतरी म्हणणार होतो. माफ कर असं म्हणायचं होतं, पण ते तुला म्हणायचं होतं, आणि तिचा आवाज थेट तुझा. चिडलीस की तू असाच आवाज खाली घ्यायचीस.

तिनं दार लावून घेतलं नाही. मी चपला घातल्या, जिना उतरलो, रस्त्यावर येऊन वर बघितलं, दार उघडंच होतं. थोडा वेळ थांबलो. हाक आली नाही.